आठ कुठं गेला?

आमचं गाव कंधार. बाहेरगावी कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे ते विमान पळवून नेलं होतं तिकडचं का?" डिसेंबर १९९९ नंतर तर हा प्रश्न फारच वाढला. नाही हो, ते अफगाणिस्तानातलं कंदाहार. आमचं कंधार नांदेड जिल्ह्यातलं, मन्याड नदीच्या खोऱ्यातलं. एक खंदकाचा भुईकोट किल्ला, एक जुना तलाव, एक मोठा दर्गा, आणि आजूबाजूला तांडे आणि वाड्या. याच गावात मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. विषय इतिहास आणि मराठी. गणिताशी माझं नातं पावकी-निमकीपुरतंच. दुकानदार हिशेब करेपर्यंत आपण दुसरीकडे बघत राहायचं, असा माझा स्वभाव.

असा माणूस आज एका संख्येवर लिहायला बसला आहे, याचं मलाच थोडं हसू येतंय. पण ती संख्या गेली काही वर्षं मला सोडत नाही. ती अशी आहे:

१२३४५६५४३२१

वाचायची झाली तर बारा अब्ज, चौतीस कोटी, छप्पन्न लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. पण अशी वाचली की तिची मजाच जाते. ती नुसती डोळ्यांनी बघा. एकापासून सहापर्यंत चढते आणि तशीच एकेक पायरी उतरत एकावर येते. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तीच.

ही संख्या मला पहिल्यांदा दिसली १९८७ च्या सुमारास. गणिताचे सर रजेवर होते म्हणून आठवीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. मी पोरांना पाढे लिहायला लावले आणि चाचणीचे पेपर तपासत बसलो. तेवढ्यात एक मुलगा वही घेऊन टेबलाजवळ आला. जवळच्या तांड्यावरून पायी यायचा. अंगानं किडकिडीत, वर्गात फारसा न बोलणारा. म्हणाला, "सर, हे बघा की, जिना झालाय." वहीच्या पानावर असं काहीतरी होतं:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१
११११११ × ११११११ = १२३४५६५४३२१

मी वरवर नजर टाकली. तो पान उलटायला लागला आणि म्हणाला, "पण सर, पुढं आठच..." मी त्याला तिथंच थांबवलं. "परीक्षेत येतं का हे? जा, पाढे लिही." तो गेला. पाढे लिहिले. पुढच्या वर्षी दिवाळी झाली तसे त्याचे आईवडील उसतोडीला निघाले, त्यांच्याबरोबर तोही गेला, आणि नववीच्या हजेरीपटावरचं त्याचं नाव काही महिन्यांनी आम्ही कमी केलं. अशी नावं दरवर्षीच कमी व्हायची. ती उलटलेली बाजू मी पाहिली नाही ती नाहीच.

खरं सांगायचं तर हे सगळं मी विसरूनही गेलो होतो. आठवण झाली ती निवृत्तीनंतर, आणि तीही राष्ट्रकूटांमुळे.

राष्ट्रकूट हा आमच्या भागातल्या इतिहासाच्या मास्तरांचा जिव्हाळ्याचा विषय. हे राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं अभ्यासक मानतात. कंधारात तर पावलोपावली त्यांची खूण. गावच्या तलावाचं नाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचं बिरुद. इथला राष्ट्रकूट काळातला शिलालेख प्रसिद्ध आहे. आणि क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवयव, पाय, हात, असे सुटे सापडलेले आहेत. मुलांना मी ते दाखवायला न्यायचो. त्या दगडी पावलाशेजारी उभं राहिलं की आपण किती लहान, हे शिकवावं लागत नाही. पावलावरून मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधायचा, हा पोरांचा आवडता खेळ असे.

वर्गात मी शिकवायचो ते असं: दंतिदुर्गाने सत्ता उभी केली, पहिल्या कृष्णाने वेरूळचं कैलास लेणं खोदवलं, तिसऱ्या गोविंदाने उत्तरेपर्यंत स्वाऱ्या केल्या, त्याचा मुलगा अमोघवर्ष याने मान्यखेटला राजधानी नेली. (मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड, कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात.) अमोघवर्ष लहानपणीच, इ.स. ८१४ मध्ये गादीवर आला आणि साठ वर्षांहून अधिक काळ राज्य केलं. सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या, ८५१ सालच्या वृत्तांतात जगातल्या चार मोठ्या राजांत या घराण्याच्या राजाची गणना आहे. कन्नडमधला आद्य उपलब्ध ग्रंथ 'कविराजमार्ग' याच्याच दरबारातला. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे, म्हणजे कंधारही त्यात आलंच. इतकं सगळं मी शिकवत होतो. परीक्षेत टिपा लिहा म्हणून विचारत होतो. पण याच अमोघवर्षाच्या काळात, त्याचं नाव आरंभी घेऊन लिहिलेला गणिताचा एक मोठा ग्रंथ आहे, हे मला ठाऊक नव्हतं. गणित म्हटलं की भास्कराचार्य आणि लीलावती, आणि तो ग्रंथ ११५० सालचा. त्याआधी तीनशे वर्षं आपल्या अंगणात काय घडत होतं, याचा मला पत्ता नाही!

निवृत्त झाल्यावर एकदा लातूरला एका स्नेह्यांकडे मुक्काम पडला. घर जैन. दिवाणखान्यात पुस्तकांचं जुनं कपाट. दुपारी झोप येईना म्हणून कपाट उघडलं तर एक जाड पुस्तक हाती लागलं, 'गणितसारसंग्रह'. कर्ते महावीराचार्य. संस्कृत मूळ आणि हिंदी भाषांतर, सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये काढलेलं. गणित पाहून मी ते परत ठेवणारच होतो, पण सुरुवातीच्या पानांवर अमोघवर्ष, नृपतुंग अशी ओळखीची नावं दिसली आणि इतिहासाच्या मास्तरला मोह आवरला नाही.

महावीराचार्य हे दिगंबर जैन. ग्रंथ साधारण इ.स. ८५० चा. अकराशेच्या वर श्लोक, नऊ प्रकरणं. आकाशातल्या ग्रहांचं गणित त्यात नाही, त्याआधीच्या मोठ्या ग्रंथकारांत गणित हा ज्योतिषाच्या पोथीचा एखादा अध्याय असे. इथे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं गणित. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, सावल्या. एक प्रकरण खाताचं, म्हणजे खोदकामाचं. खड्डा किंवा तळं किती खोल, किती रुंद, तर माती किती निघेल. जगत्तुंग समुद्राच्या गावच्या माणसाला ते वाचून बरं वाटलं. एकं, दहं, शतं करत संख्यांची स्थानं महावीराचार्य चोविसापर्यंत नेतात. लीलावतीत ती अठरा आहेत. चुकलेही आहेत बरं का एके ठिकाणी. शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते, असं ते म्हणतात. मला उलट ते वाचून धीर आला. चुकणारा मास्तर आपल्यातला वाटतो.

दुसऱ्या प्रकरणात गुणाकार येतो. त्याला तिथे शब्द आहे 'प्रत्युत्पन्न'. आणि तिथल्या उदाहरणांत एक होतं:

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ तसाच बसलो. तांड्यावरच्या त्या पोराचा जिना, सहावी पायरी. अकराशे वर्षांपूर्वीच्या पोथीत.

आता इतिहासाचा माणूस असलो तरी एवढं पाहिल्यावर गप्प कसं बसवणार? घरी आल्यावर एका निवृत्त गणित शिक्षक मित्राला गाठलं. दोघांनी मिळून चार-पाच संध्याकाळी त्या संख्येची चिरफाड केली. जे हाती लागलं ते सांगतो, कंटाळू नका.

ही संख्या म्हणजे ११११११ चा वर्ग, हे त्या मुलानेच दाखवलं होतं. ११११११ चे अवयव पाडले तर ३, ७, ११, १३ आणि ३७ हे पाच मूळ अंक मिळतात, प्रत्येक एकदाच. म्हणून आपल्या संख्येत हे पाचही दोन-दोनदा. आता महावीराचार्यांचा ४४१ बघा. तो २१ चा वर्ग, म्हणजे ३ आणि ७ ची जोडी. उरलेले ११, १३, ३७ यांचा गुणाकार ५२९१, आणि त्याचा वर्ग बरोबर २७९९४६८१. म्हणजे दोन वर्ग एकमेकांना गुणले आहेत, आणि २१ × ५२९१ = ११११११. उदाहरण वाटेल ते आकडे घेऊन केलेलं नाही. आधी माळ मनात, मग तिचे दोन तुकडे असे पाडायचे की कुणाला संशय येऊ नये.

आणखी गंमती आहेत. अंकांची बेरीज ३६, तीही सहाचा वर्ग. ही संख्या १२३२१ × १००२००१ अशीही मांडता येते, म्हणजे तीन पायऱ्यांचा धाकटा जिना मोठ्याच्या पोटात लपलेला आहे. तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या मोजल्या तर २४३ भरतात. एवढी मोठी संख्या, आणि तिच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची ही वर्दळ!

महावीराचार्यांनी अशी बरीच उत्तरं जुळवून आणली आहेत. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ वेळा एक येतो. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, दोन टोकांना एक आणि मधे आठ शून्यं. अशा गुणाकारांना ते गळ्यातल्या कंठीची उपमा देतात, राजाच्या गळ्यात शोभावी अशी. आणि त्यांतच एक होतं, १२३४५६७९ गुणिले ९. पाहिल्यावर वाटलं, छपाईची चूक. आठ राहून गेला. सवयीने पेन्सिल घेऊन दुरुस्त करायला निघालो. मित्र म्हणाला, आधी गुणून तरी बघा. गुणलं, तर नऊ वेळा एक: १११११११११. आठ नाही म्हणूनच बरोबर.

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, ते अर्धवट वाक्य कानात वाजलं. "पण सर, पुढं आठच..."

असो. त्याकडे परत येतो.

मला पडलेला प्रश्न असा, की एवढा गंभीर ग्रंथ लिहिणारा माणूस असल्या खेळात का रमावा? माझ्यापुरतं उत्तर मला मास्तर म्हणूनच सापडलं. विद्यार्थ्याला लांबलचक गुणाकार घातला की तपासायचं कुणी? उत्तर माळेसारखं आलं तर विद्यार्थ्याला स्वतःलाच कळतं की बरोबर आलं. मधे कुठे चुकला तर माळ तुटते आणि तेही त्यालाच दिसतं. गुरुजी रजेवर असले तरी चालतं! दुसरं असं, की तेव्हाचं सगळं श्लोकांत आणि पाठांतरात. आकडे शब्दांत गुंफलेले, चंद्र म्हणजे एक, अग्नी म्हणजे तीन, बाण म्हणजे पाच, ऋतू म्हणजे सहा. अकरा आकडी संख्या पाठ करताना आणि ताडपत्रावर नकलताना आकडा इकडचा तिकडे व्हायला कितीसा वेळ? पण 'एकापासून सहापर्यंत चढ आणि त्याच क्रमाने उतर' एवढंच सांगितलं की झालं. नकलणारा डुलकी घेत असला तरी ही संख्या बिघडवणं अवघड, आणि बिघडलीच तर अर्ध्या भागावरून दुसरा अर्धा सांधता येतो. क्षेत्रपालाच्या पावलावरून आम्ही मूर्तीचा नुसता अंदाजच बांधत होतो. इथे तुकड्यावरून अख्खी मूर्ती उभी राहते.

आणि तशी ती राहिलीही. राष्ट्रकूटांची सत्ता ९७३ मध्ये संपली. मान्यखेट ओस पडलं. कंधारच्या किल्ल्यावर कितीतरी निशाणं चढली नि उतरली. पोथी मात्र दक्षिणेत हस्तलिखितांतून नकलली जात राहिली. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन याने ती तेलुगूत नेली. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी हस्तलिखितं जमवून १९१२ मध्ये ती इंग्रजी भाषांतरासह छापली, तेव्हा ती पहिल्यांदा सर्वांपुढे आली. त्यानंतर पन्नास वर्षांनी सोलापूरची प्रत. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लातूरच्या कपाटातून माझ्यापर्यंत. वाट लांबची झाली. ज्या भूमीत ती पोथी आपली म्हणायची, तिथल्या इतिहासाच्या मास्तरला ती निवृत्तीनंतर भेटली, हे काही पोथीचं चुकलं नाही.

या जिन्याच्या पायऱ्यांना आज जगात जे नाव आहे तेही एका मराठी मास्तरांनीच दिलेलं, हे मित्राकडून कळलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाणे आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे असतानाच १९२७ मध्ये स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदवी बी.एस्सी., पुढचं उच्च शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. हातात वही आणि डोक्यात आकडे. ते मुंबईकडच्या रेल्वेवर डेम्लो स्टेशनात असताना एका जातीच्या संख्यांचा विचार त्यांना सुचला, म्हणून त्यांना त्यांनी डेम्लो संख्या असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. १२१, १२३२१, १२३४३२१ या आपल्या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे त्यांच्या 'अद्भुत डेम्लो संख्या', आणि त्यांवरचा त्यांचा लेख १९३८ चा. लोकलची गर्दी रोज अनुभवणाऱ्या किती डोंबिवलीकरांना हे ठाऊक असेल?

कापरेकरांची सगळ्यांत प्रसिद्ध संख्या ६१७४. तीही बघून टाका. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान आणि लहानापासून मोठे असे मांडून वजाबाकी करा, आणि उत्तरावर तेच करत राहा. आम्ही मराठवाड्याचे, म्हणून मी आमच्या मुक्तीचं वर्ष घेतलं, १९४८. ९८४१ वजा १४८९ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४. इथून सुटका नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत कुठलीही संख्या इथे येऊन थांबते. हे त्यांनी १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे पोरखेळ वाटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळालीचे मास्तर माहीत झाले. १९८६ मध्ये ते गेले.

अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं आहे, आनंद देणारी. आपली सहा पायऱ्यांची संख्या त्यात बसत नाही. बेरीज ३६ सम आणि संख्या विषम. पण जिना नवापर्यंत नेला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळते, तिची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला बरोबर भाग जातो. भागाकार येतो तो कशाचा वर्ग ठाऊक आहे? १२३४५६७९ चा. पुन्हा तोच, आठ नसलेला, महावीराचार्यांच्या कंठीतला. अमोघवर्षाच्या काळातली पोथी आणि देवळालीच्या मास्तरांची वही अशी एका ठिकाणी येऊन टेकतात.

कापरेकर गेले त्यानंतर वर्षभरातच त्या मुलाने माझ्यापुढे वही धरली होती. देवळालीच्या त्या वर्गात ती वही गेली असती तर? असा जर-तरचा हिशेब इतिहासात करू नये असं आम्हीच शिकवतो. मी मात्र तो करतो.

मागच्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याकडून कळलं, की तो तांड्याच्या फाट्यावर छोटं किराणा दुकान चालवतो. बरीच वर्षं कोयता चालवला, मग गुडघे गेले. मी एस.टी.ने फाट्यावर उतरलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, केस पांढरे. त्याने मला आधी ओळखलं. स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी पिशवीतून कागद काढला आणि तो जिना त्याच्यापुढे धरला. म्हटलं, आठवतं का?

थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, दहा एक घेतले की आठ गायब व्हायचा. आठ कुठं गेला, तेवढं तुम्हाला विचारायचं होतं."

मंडळी, छत्तीस-सदतीस वर्षं. माझ्या त्या वेळच्या बोलण्याबद्दल जे म्हणायचं होतं ते मी म्हणालो. तो "जाऊ द्या सर" म्हणाला. मोठेपणाने म्हणाला की नुसतं म्हणायचं म्हणून, ते मला कळलं नाही, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही. १९८७ मध्ये मी त्याला पूर्ण बोलू दिलं असतं तरी उत्तर मला देता आलं नसतं. पण 'मलाही ठाऊक नाही, चल शोधू' एवढं म्हणता आलं असतं.

आता मात्र उत्तर होतं. साखर बांधायच्या कागदावर दोघांनी दहा एकांच्या दहा ओळी मांडल्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. उजव्या टोकाच्या घरात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन. घरात जितके एक, तितकी बेरीज, म्हणूनच जिना तयार होतो. नवव्या घरापर्यंत सगळं सुरळीत. दहाव्यात बेरीज दहा झाली. शून्य मांडलं, हातचा एक. त्याच्या डावीकडे नऊ होते, हातचा मिळून तेही दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ. तो हातचा घेऊन नऊ झाला. आणि तिथून पुढे सात, सहा, पाच, निमूटपणे एकापर्यंत.

१२३४५६७९००९८७६५४३२१

"म्हणजे आठ गेला नाही," तो म्हणाला, "त्यानं हातचा घेतला." मी मान हलवली. इतक्या कमी शब्दांत मला काही ते सांगता आलं नसतं.

तेवढ्यात एक पोरगी तेल न्यायला आली. तिला तेल देऊन, सुट्टे मोजून तो परत वळला आणि कागद स्वतःकडे ओढत म्हणाला, "मग सर, अकरा एक घेतले तर आठ परत येईल का?"

मला माहीत नव्हतं. या वेळी मी म्हटलं, "करून बघू." एस.टी. यायला अजून तासभर होता. त्याने दुसरा कागद फाडला.